पुणे दरबारचे परराष्ट्रमंत्री : नाना फडनवीस

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आपल्या स्मरणिकेत संतांची, समाजसुधारकांची आणि दानशूर ज्ञातिबांधवांची चरित्रे दर वर्षी येतात, आणि ती यावयासच हवीत. परंतु उभा जन्म शाळेत इतिहास शिकविण्यात गेलेल्या माणसाच्या मनात काही निराळीच नावे घोळत असतात. त्यांतील एक नाव नाना फडनवीस यांचे. नानांना कोणा एका ज्ञातीचे म्हणून मी येथे आणलेले नाही. सव्वीस वर्षे ज्याने एका दौलतीचे शेजाऱ्यांशी व परदेशस्थांशी असलेले सर्व संबंध आपल्या हाती ठेवले, असा मुत्सद्दी म्हणून त्यांचा परिचय आपल्या घरोघरच्या वाचकांस व्हावा, एवढाच हेतू आहे.

आरंभ जरा दूरच्या एका गावापासून करतो. हॉलंड देशात हेग नावाचे नगर आहे आणि तेथे आंतरराष्ट्रीय न्यायालय भरते. १९५४ साली दादरा व नगरहवेली येथील पोर्तुगीज सत्ता तेथील लोकांनी व स्वातंत्र्यसैनिकांनी झुगारून दिली, तेव्हा आपल्या सैन्यास व अधिकाऱ्यांस हिंदुस्थानातून वाट मिळालीच पाहिजे, असा दावा पोर्तुगालने १९५५ मध्ये या न्यायालयात लावला. हा मुलूख मराठ्यांनी आम्हांस कायमचा दिला, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. म्हणून न्यायाधीशांपुढे जे कागद वाचले गेले, त्यांत नानांच्या कारकिर्दीत १७७९ साली झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा होत्या. त्या सनदांतील जहागीर व सरंजाम या शब्दांचा कीस तेथे काढण्यात आला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी पोर्तुगीजांस केवळ महसुलाचे उत्पन्न लावून दिले होते, मुलखाचे स्वामित्व दिले नव्हते, असे न्यायालयाने ठरविले. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचा ताबा चालू दिला म्हणून त्यांचा अंमल तेथे मान्य झाला, असेही त्यात होते; आणि सैन्य नेण्याचा हक्क तर न्यायालयाने नाकारलाच. पुण्याच्या फडात बसून कारकुनाने लिहिलेला सरंजाम हा एक शब्द पावणेदोनशे वर्षांनंतर युरोपातील न्यायासनापुढे उभा राहिला, हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. त्या फडाच्या धन्याचे चरित्र आता सांगतो.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोटजवळच्या वेळास गावचे. आज हे गाव समुद्रकासवांच्या पिलांसाठी ओळखले जाते आणि मुंबई-पुण्याची मंडळी ती पाहावयास तेथे जातात. जाणाऱ्यांनी नानांच्या गावी आपण आलो आहोत, हेही ध्यानात ठेवावे. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनच्या भट घराण्याशी भानूंचा जुना स्नेह होता. बाळाजी विश्वनाथांबरोबर नानांचे आजोबा घाटावर आले, त्यांच्याबरोबरच दिल्लीस गेले आणि १७१९ मध्ये दिल्लीच्या दंग्यात मारले गेले. अशा घराण्यात १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास नानांचा जन्म झाला. चौदा-पंधराव्या वर्षी पितृछत्र हरपले. प्रकृती नाजूक, बांधा सडपातळ, वृत्ती देवभोळी. तलवारीपेक्षा लेखणीकडे ओढा अधिक.

या नाजूक मुलाच्या नशिबी पानिपत यावे, हा दैवयोगच म्हणावयाचा. तीर्थयात्रा घडेल म्हणून मातोश्री व पत्नी यांस घेऊन ते भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेस गेले. १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून ते वेष टाकून, उपाशीतापाशी, पायी निसटले. पत्नी सुखरूप सापडली; आई मात्र कायमची अंतरली. आपल्या या पूर्वायुष्याची हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि तिचे इंग्रजी भाषांतरही एकोणिसाव्या शतकातच झाले. त्या लहानशा लिखाणात त्यांनी आपले दोष व आपली भीती लपविलेली नाही. रणांगणावर एका दिवसात काय नाहीसे होते, ते त्यांनी एकोणिसाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले होते. पुढील आयुष्यात लढाई शक्य तितकी टाळावी, टळत नसेल तर शत्रू एकटा पडेपर्यंत लांबवावी, हे जे त्यांचे धोरण दिसते त्याचे मूळ मला पानिपतात वाटते.

थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत फडनिशीचे काम त्यांनी चोख केले. जमाखर्च, सरंजामाचे हिशेब, गडकोटांची बेगमी, सर्व काही फडनिसाच्या नजरेखालून जाई. दौलतीत कोणाचे किती बळ आहे हे ज्याला आकड्यांत ठाऊक असते, तोच परराज्याशी बोलताना योग्य शब्द वापरू शकतो. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव गेले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा पेशवे झाले. तेव्हा सखारामबापू, हरिपंत फडके, त्रिंबकमामा पेठे, नाना आदी कारभाऱ्यांनी एक होऊन नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाई यांस पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. हेच बारभाईंचे कारस्थान. बारांतील एकेक गळत गेला आणि अखेर कारभार एकट्या नानांच्या हाती राहिला.

त्या वेळी पुण्याभोवती शेजारी कोण होते, हे पाहिल्याशिवाय पुढील कथा समजणार नाही. पूर्वेस हैदराबादचा निजामअली. त्याच्याकडे चौथाईची बाकी कायमची थकलेली. दक्षिणेस हैदरअली, माधवरावांनी तीनदा मोडूनही पुन्हा उभा राहिलेला. नागपूरचे भोसले घरचेच, पण स्वतःचे वेगळे राजकारण करणारे. गोव्यास व दमणास पोर्तुगीज. जंजिऱ्यास सिद्दी. आणि मुंबईस इंग्रज, ज्यांचा डोळा साष्टी व वसई यांवर कित्येक वर्षे होता. घरात फूट पडली म्हणजे शेजाऱ्याला कुंपण ओलांडावयास फारसे निमित्त लागत नाही. ३१ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेस राघोबादादांशी तह करून त्यांस पेशवाईवर बसविण्याचा विडा उचलला.

सुरत, पुरंदर, वडगाव, सालबाई असे चार तह आम्ही मुलांकडून ओळीने पाठ करून घेत असू. मुले पाठ करीत आणि परीक्षेनंतर विसरत. दोष मुलांचा नव्हता. त्या चार नावांच्या मध्ये काय घडले, ते आम्ही सांगतच नसू. सुरतेचा तह मुंबईकर इंग्रजांनी कलकत्त्यास न विचारता केला होता. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील इंग्रज एक दिसतात, पण त्यांची तोंडे तीन आहेत, हे नानांनी लवकर ओळखले. कलकत्त्याच्या कौन्सिलने सुरतेचा तह रद्द ठरवून कर्नल अप्टन यास पुरंदरास पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. राघोबांस दूर करण्याचे इंग्रजांनी कबूल केले. साष्टी मात्र सोडली नाही. मुंबईकरांनी तोही तह मनापासून पाळला नाही. राघोबांस त्यांनी आपल्याजवळच ठेवले.

अशा वेळी १७७७ मध्ये चौल बंदरात एक फ्रेंच गृहस्थ उतरला. त्याचे नाव सेंट लुबिन. फ्रान्सच्या राजाकडून आलेला वकील म्हणून तो पुण्यास आला आणि नानांनी त्याचे स्वागत थाटामाटाने केले. पुण्यात इंग्रजांचा वकील मॉस्टिन होता. त्याच्या डोळ्यांदेखत हा सोहळा झाला. फ्रेंच फौज येणार, चौल बंदर फ्रेंचांस मिळणार, अशा वार्ता पसरल्या आणि मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत इंग्रजांची झोप उडाली. सेंट लुबिन वस्तुतः बोलण्यात पटाईत, पण पाठीमागे फारसे बळ नसलेला मनुष्य होता आणि पुढे नानांनी त्यास निरोपही दिला. नाना त्याच्या थापांना फसले, असे काही लिहितात. मला ते पटत नाही. पाहुण्याला पंगतीत बसविले म्हणून घर लिहून दिले असे होत नाही. मात्र हा डाव उलटलाही. फ्रेंचांच्या भयानेच हेस्टिंग्जने काल्पीहून मुंबईकडे खुष्कीच्या मार्गाने फौज पाठविण्याचे ठरविले. तिकडे अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध युद्ध मांडले होते आणि १७७८ मध्ये फ्रान्सही त्या युद्धात उतरला. पुण्याचे राजकारण अशा रीतीने सातासमुद्रांपलीकडील घडामोडींत गुंतले.

मुंबईकरांस बंगालच्या फौजेची वाट पाहण्याचाही धीर निघाला नाही. सुमारे चार हजार सैनिक घेऊन, राघोबांस पुढे करून, ते बोरघाट चढले. मराठी फौजांनी समोर ठाकून लढाई दिली नाही. मागची वाट तोडली, वैरण जाळली, तळेगाव ओस पाडले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. त्याच्या शौर्याचे कौतुक करून आपल्या लोकांनी त्याला इष्टुर फाकडा हे नाव दिले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजी फौज महादजी शिंद्यांपुढे शरण आली व सर्व मुलूख परत देण्याचा करार झाला. फौज सुटून मुंबईस पोहोचताच तो करार इंग्रजांनी अमान्य केला. राघोबाही महादजींच्या पहाऱ्यातून निसटून सुरतेस पोहोचले.

येथून नानांच्या मुत्सद्देगिरीचा खरा कळस दिसतो. हैदर हा मराठ्यांचा हाडवैरी. त्याच्याशी वैर धरावे की इंग्रजांशी, असा प्रश्न पडला तेव्हा नानांनी जुने वैर बाजूस ठेवले. कृष्णेपर्यंतचा जो मुलूख हैदराने गिळला होता तो तूर्त त्याच्याकडे राहू द्यावा आणि त्याने मद्रासकर इंग्रजांवर जावे, असे ठरले. निजामाने उत्तर सरकारांकडे, नागपूरकर भोसल्यांनी बंगालकडे आणि पुणेकरांनी मुंबई व गुजरातकडे इंग्रजांस गाठावे, असा चौघांचा बेत जमला. हिंदुस्थानातील चार सत्तांनी इंग्रजांविरुद्ध एक मसलत करावी, असे यापूर्वी घडले नव्हते आणि पुढेही घडले नाही. हैदराने जुलै १७८० मध्ये कर्नाटकात उतरून बेलीची फौज पोल्लिलूर येथे बुडविली. परंतु हेस्टिंग्जही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. गुंटूर परत देऊन त्याने निजामास गप्प बसविले आणि ओरिसात आलेल्या भोसल्यांच्या फौजेस पैसे चारून थांबविले. चार खांबांवरील मांडवाचे दोन खांब खचले. तरीही मांडव कोसळला नाही. गॉडर्डने अहमदाबाद व वसई घेतली, पोफमने ग्वाल्हेर घेतले. पण पुण्यावर चढून येण्याच्या प्रयत्नात १७८१ च्या एप्रिलात गॉडर्डला बोरघाट सोडून मोठे नुकसान सोशीत पनवेलीस परतावे लागले.

याच धामधुमीत पोर्तुगीजांशी तह झाला. मराठी आरमाराने त्यांचे एक जहाज पूर्वी पकडले होते. त्याच्या भरपाईचा तगादा गोव्याहून चालू होता. इंग्रजांशी गाठ पडली असता पाठीशी आणखी एक टोपीकर शत्रू नको, म्हणून दमणलगतच्या परगण्यात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस लावून देण्याचे ठरले. गावे प्रत्यक्ष दिली गेली ती १७८३ व १७८५ मध्ये. घाई त्यांना होती, नानांना नव्हती. हेगच्या न्यायालयात वाचले गेले ते हेच कागद.

१७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई व इतर मुलूख परत आला, साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. नानांनी या तहावर मान्यतेची मोहोर मात्र उठविली नाही. कारण हैदर अद्याप लढत होता. त्याला न विचारता तह केला तर मित्रास दगा दिल्यासारखे होते. आणि तह लोंबकळत ठेवला म्हणजे इंग्रजांकडून आणखी काही निघण्याची आशा होती. असे सात महिने गेले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला, तेव्हा त्याच महिन्यात नानांनी तहास मान्यता दिली. राघोबा वर्षभराने कोपरगावास वारले. ज्या कलहातून हे सारे उद्भवले तो संपला आणि पुढे वीस वर्षे इंग्रज व मराठे यांच्यात युद्ध झाले नाही.

नानांचे परराष्ट्रखाते चालत कसे असे, हे येथे सांगावेसे वाटते. आजच्यासारखी कचेरी नव्हती. निरनिराळ्या दरबारांत पुण्याचे वकील असत. हैदराबादेस गोविंदराव काळे, श्रीरंगपट्टणास कृष्णराव नारायण जोशी, दिल्लीस हिंगणे घराणे आणि कलकत्त्यास लाला सेवकराम. वकिलाने दरबारातील बोलणी तर कळवावयाचीच, शिवाय बाजारभाव, फौजेची हजेरी, दिवाणाची प्रकृती, कोणाच्या घरी लग्न, कोणाचा कोणाशी अबोला, हेही लिहावयाचे. जासूद पायी धावत ही पत्रे आणीत. नाना पहाटेपासून ती वाचीत आणि उत्तरांची कलमे सांगत. एकाच दरबारात वकिलाखेरीज दुसरा गुप्त बातमीदारही असे, म्हणजे पहिल्याचे खरे-खोटे पारखता येई. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांच्या दप्तरातून जो ऐतिहासिक लेखसंग्रह छापला, तो ज्यांनी चाळला असेल त्यांस या पत्रांची गोडी ठाऊक आहे. अशी पत्रे कादंबरीपेक्षा रंजक असतात, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्तीचे मानू नये.

वाईजवळ मेणवली येथे नानांचा वाडा कृष्णेच्या काठी उभा आहे. आमच्या शाळेची सहल एकदा तेथे नेली होती. मुले घाटावरील मोठी घंटा पाहण्यात रमली. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीज देवळांतून आलेल्या घंटांपैकी ती एक, असे सांगतात. मी मात्र वाड्याच्या चौकात उभा राहून विचार करीत होतो की, या भिंतींच्या आत किती दरबारांची गुपिते वर्षानुवर्षे दप्तरांत बांधून पडली होती. मेणवलीचे ते दप्तर पुढे संशोधकांच्या हाती आले आणि मराठ्यांच्या इतिहासाचा पुष्कळसा उजेड त्यातून पडला.

१७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. इंग्रजांशी होणारे सर्व बोलणे आपल्यामार्फत व्हावे, असा महादजींचा आग्रह होता, म्हणून मॅलेटला आधी उत्तरेस जाऊन त्यांची संमती घ्यावी लागली. पुण्यास मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा दिली आणि बहिरोपंत मेहेंदळे यांच्यामार्फत त्याचे दरबारशी बोलणे होई. मॅलेट मोठा चौकस. त्याने जेम्स वेल्स नावाच्या चित्रकारास पुण्यास आणले. नानांचे व सवाई माधवरावांचे चित्र वेल्सने काढले. गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंतास वेरूळला पाठवून लेण्यांची चित्रे काढविली. आणि पुण्यात काय चालले आहे, याची बारीकसारीक पत्रे तो अकरा वर्षे वरिष्ठांस लिहीत राहिला. ती पत्रे छापून झालेली आहेत. वाचताना मनाला टोचते ते हे की, संगमावर बसून इंग्रजांनी पुणे वाचले, पण लंडन वाचण्यासाठी पुण्याचा कोणी मनुष्य तेथे नव्हता. राघोबांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणास व मणियार नावाच्या पारशी गृहस्थास १७८० च्या सुमारास विलायतेस पाठविले होते. त्यांचे तेथे हाल झाले. एडमंड बर्क याने त्यांस आसरा देऊन त्यांच्या आचारधर्माप्रमाणे राहण्याची सोय केली. परत आल्यावर समुद्रपर्यटनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले. राघोबांस सुचले ते नानांस का सुचू नये? समुद्रपर्यटनाचा निषेध हे एक कारण. दुसरे असे की, इंग्रज म्हणजे मुंबई आणि कलकत्ता, अशीच नानांची समजूत राहिली असावी. कंपनीची मुळे ज्या जमिनीत होती ती जमीन त्यांनी कधी न्याहाळली नाही. नानांच्या चरित्रातील हा उणा भाग मला सर्वांत मोठा वाटतो.

दुसरा वादाचा प्रश्न टिपूचा. टिपूशी १७८६-८७ मध्ये युद्ध होऊन गजेंद्रगडचा तह झाला होता. १७९० च्या जून महिन्यात नानांनी कॉर्नवॉलिसशी व निजामाशी मिळून टिपूविरुद्ध तह केला. ज्या हैदराबरोबर इंग्रजांस घेरले, त्याच्या मुलाविरुद्ध इंग्रजांसच मदत केली, हे नानांचे धोरण चुकले काय? शिकवीत असताना मीही तसेच सांगत असे. आता तितक्या ठामपणे सांगवत नाही. टिपूने कृष्णेपलीकडच्या मराठी मुलखाला स्वस्थता लाभू दिली नव्हती. आणि मराठे दूर राहिले असते तरी इंग्रज व निजाम चालून गेलेच असते. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणापासून कॉर्नवॉलिस उपाशी फौज घेऊन, तोफा फोडून मागे फिरला, तेव्हा हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन धान्याची बेगमी घेऊन त्यास भेटले. मराठ्यांच्या लष्करी बाजारात मिळत नाही अशी वस्तू नव्हती, हे इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या दिवशी हे लष्कर दोन आठवडे उशिरा पोहोचले असते तर हिंदुस्थानचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हा प्रश्न मनात येतोच. मार्च १७९२ मध्ये टिपूचे अर्धे राज्य तिघांनी वाटून घेतले व तीन कोटी तीस लक्ष रुपये दंड बसविला. टिपू पुरता बुडू नये, ही नानांची व हरिपंतांची खटपट होती. शेजारी दुबळा असावा, पण असावा. तो नाहीसा झाला तर त्याच्या जागी इंग्रज येतील, हे त्यांना दिसत होते. सात वर्षांनी तसेच झाले.

नानांचा अंतर्गत कारभार हा या लेखाचा विषय नव्हे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या घाशीराम कोतवाल या नाटकामुळे नाना फडनवीस म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र येते. घाशीरामच्या कोठडीत १७९१ मध्ये निरपराध ब्राह्मण गुदमरून मेले, हे सत्य आहे आणि त्या कोतवालावर नानांची मर्जी होती, हेही सत्य आहे. ते झाकून चरित्र लिहिता येत नाही. नाटकातील नाना मात्र नाटककाराचा आहे, एवढे ओळखून ते पाहावे.

महादजींशी त्यांची चुरस सर्वश्रुत आहे. उत्तरेत बादशाही आपल्या हाती घेऊन बसलेला हा सेनापती १७९२ मध्ये पुण्यास आला आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस वारला. दोघांनी एकमेकांवर अविश्वास दाखविला, तरी परक्यासमोर दोघांनीही दौलत फुटू दिली नाही. हरिपंतही त्याच वर्षी गेले. नाना एकटे पडले. तशाही स्थितीत निजामाकडील चौथाईच्या बाकीचा प्रश्न निघाला आणि शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशा सर्व सरदारांच्या फौजा त्यांनी एका निशाणाखाली आणल्या. इंग्रजांस निजामाची पाठ घेऊ दिली नाही. सर जॉन शोअर तटस्थ राहिला. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे निजामाचा पराभव झाला. दौलताबादचा किल्ला, मुलूख, तीन कोटी रुपये आणि मराठ्यांची टिंगल करणारा दिवाण मुशीरुल्मुल्क, हे सारे निजामास पुण्याच्या स्वाधीन करावे लागले. मराठी फौजा एकत्र लढल्या, अशी ही शेवटची वेळ.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय एकवीस. तो अपघात की आत्मघात, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ज्या बालकास चाळीस दिवसांचे असताना गादीवर बसविले, त्यास नानांनी इतके जपले की, स्वतंत्र निर्णय घेण्याची सवय त्यास लागलीच नाही. शेजारच्या चार दरबारांतील अंतःस्थ गोष्टी ज्यास ठाऊक, त्यास आपल्याच धन्याच्या मनात काय आहे ते कळले नाही.

पुढील पाच वर्षे वाचवत नाहीत. वारस कोण, या झगड्यात नानांना महाडास पळावे लागले. तेथून त्यांनी सर्वांशी संधान बांधून दुसऱ्या बाजीरावास गादीवर आणले. पण त्यासाठी निजामाचे साहाय्य घ्यावे लागले आणि खर्ड्यास मिळविलेले बहुतेक सर्व १७९६ च्या महाडच्या तहाने त्यास परत द्यावे लागले. दौलतीसाठी ज्या शिताफीने ते परक्यांशी बोलत, ती शिताफी आता स्वतःच्या रक्षणासाठी खर्ची पडू लागली. ३१ डिसेंबर १७९७ रोजी भेटीच्या निमित्ताने शिंद्यांच्या छावणीत बोलावून त्यांस कैद केले. सुरक्षिततेचे वचन फिलोज या परदेशी सरदाराने दिले होते. अहमदनगरच्या किल्ल्यात काही महिने काढून, मोठी रक्कम देऊन ते सुटले.

सुटले तोवर कलकत्त्यास वेलस्ली आला होता. निजामाने सप्टेंबर १७९८ मध्ये तैनाती फौज पत्करली. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला. टिपूच्या मुलखातील काही भाग वेलस्लीने पेशव्यांसही देऊ केला, पण अटी अशा घातल्या की त्या मान्य करणे म्हणजे निजामाच्या वाटेने जाणे. पुण्याने तो मुलूख नाकारला आणि इंग्रज व निजाम यांनी तो वाटून घेतला. फुकट मिळणारी जमीन नाकारण्याचे बळ थकलेल्या, मन विटलेल्या नानांमध्ये त्या वेळीही होते, याची नोंद करावयास हवी.

१३ मार्च १८०० रोजी पुण्यास नानांचा देहान्त झाला. रेसिडेंट पामर याने आपल्या वरिष्ठांस ती वार्ता कळविताना मराठी राज्याचा शहाणपणा व सबुरी त्यांच्याबरोबर गेली, अशा आशयाचे लिहिले. वाड्यावरील अरब शिपायांनी थकलेल्या पगारासाठी दंगा केला. मागे संतती नव्हती. धाकटी पत्नी जिऊबाई केवळ आठ-नऊ वर्षांची. तिला बाजीरावाच्या हाती पडू न देता नानांच्या विश्वासू माणसांनी लोहगडावर नेऊन ठेवले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसई येथे तैनाती फौजेचा तह केला. पुढे इंग्रजांनी जिऊबाईस पेन्शन करून दिले आणि मेणवलीचा वाडा तिच्याकडे राहिला. दप्तरांचे रुमाल त्याच वाड्यात होते.